दहापैकी चार

“हे आकडे तू हॉस्टेलच्या खोलीत बसून लिहिलेस का?” बारटक्के सरांनी विचारलं आणि माझा तक्ता फिरवून माझ्यासमोर ठेवला.

मी पाहिलं. एकतीस रुग्ण, एकतीस ओळी, शेवटचा रकाना दुखण्याचा. पहिल्या सात ओळींत सहा, तीन, सात, दोन असं काहीबाही होतं. आठव्या ओळीपासून चार. पानाच्या तळापर्यंत चार, पान उलटल्यावर परत चार. रोज संध्याकाळी मी एकेकीचा आकडा तिच्या तिच्या कागदावर लिहीत असे, आणि ते सगळे कागद एका तक्त्यात पहिल्यांदा उतरवले ते आदल्या दिवशी, तेही घाईघाईत. त्यामुळे ही चारांची रांग माझ्या डोळ्यांत भरलीच नव्हती. आता भरली.

“नाही सर. बायकांनी सांगितलं तेच लिहिलंय.”

“चोवीस बायकांना एकसारखं दुखतं? कुणी वीस वर्षांची, कुणी सत्तरची. कुणाला पट्टी, कुणाला खिळा.” सर कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटायची. “सोमवारी सकाळी ये आणि हे मला समजावून सांग. नाही सांगता आलं तर मी हे खोटं धरेन. आणि खोट्यावर मी सही करत नाही.”

तो शुक्रवार होता. हाडांच्या विभागात त्या काळी मी एकटीच मुलगी. हिला हातोडी तरी उचलवेल का, म्हणून बाकीचे हसत असताना सरांनी मला आपली विद्यार्थिनी म्हणून घेतलं होतं. त्यांनी मला खोटारडी समजावं हे मला सोसणार नव्हतं. आणि मी खोटं लिहिलेलं नव्हतं, हे फक्त मलाच ठाऊक होतं.

माझ्या प्रबंधाचा विषय तसा साधा. मांडीचं हाड मोडलं की ऑपरेशनचा नंबर लागेपर्यंत पाय ताणून ठेवावा लागतो, नाहीतर मांडीचे स्नायू आखडतात आणि हाडाची टोकं एकमेकांवर चढतात. हे ताणणं दोन तऱ्हांनी होतं. एकात पोटरीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावायची, वरून बँडेज गुंडाळायचं आणि दोरीला तीन-चार किलोचं वजन टांगायचं. दुसऱ्यात गुडघ्याच्या जरा खाली नडगीच्या हाडातून आरपार एक सळई, म्हणजे खिळा, घालायची आणि तिलाच सात-आठ किलो लटकवायचे. पहिली तऱ्हा सोपी, दुसरी भक्कम. पण ऑपरेशनपर्यंतचे दिवस कुठलीत कमी दुखतं? आमच्याकडे हे दिवस थोडेथोडके नसत. वरच्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर आठवड्यातून दोनदाच, मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि बायका वाट बघत पडलेल्या. म्हणून हा विषय मी हौसेनं घेतला होता.

कुणाला काय लावायचं ते मी ठरवत नसे. सिस्टर फडतरेंच्या कपाटात बंद पाकिटं होती. नवी बाई आली की त्या वरचं पाकीट फोडायच्या आणि आत असेल ते लागायचं. बायकांनी स्वतःला नावंही पाडून घेतली होती, पट्टीवाल्या आणि खिळेवाल्या. खिळेवाल्या जरा तोऱ्यात असायच्या. रोज पाच वाजता मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायची. काहीच दुखत नसेल तर शून्य, जीव जाईल असं दुखत असेल तर दहा, मग तुमचं किती?

आणि सगळ्याजणी म्हणायच्या, चार.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी वॉर्डात गेले ती डोकं ताळ्यावर ठेवायचं असं ठरवूनच. वाटलं, माझ्या विचारण्यातच काही खोट असेल. मी बोटं दाखवायला सांगितली, तर चार बोटं वर आली. सिस्टरना विचारायला लावलं आणि स्वतः दाराबाहेर थांबले, तरी चार. शनिवारी पाचची वाट न बघता सकाळी आठलाच गेले. बायका चहात पाव बुडवत होत्या. पाव खाली ठेवून त्यांनी चार सांगितलं. त्याच दिवशी सकाळी जिच्या नडगीतून सळई गेली होती, तिचंही चार. एका पट्टीवालीची दोरी सैल होऊन वजन जमिनीला टेकलं होतं, म्हणजे तिचा पाय ताणलाच जात नव्हता. तिचं चार. मी वजन उचलून नीट टांगलं, पाय ताणला गेला, तिनं डोळे गच्च मिटले. मी परत विचारलं. चार.

शेवटी मी आकडेच सोडले. एका म्हातारीला म्हटलं, आजी, अख्खी भाकरी म्हणजे न सोसवणारं दुखणं. तुमचं चतकोर आहे की अर्धी? तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

“त्ये भाकरीचं ऱ्हाऊ द्या बाई,” ती म्हणाली. “तुमी आपलं चार लिवा.”

मी चार लिहिलं. दुसरं काय करणार? जिन्यात बसून मी तो कागद उलटसुलट करून पाहिला. माझ्या चेहऱ्यावर काही दिसतं का, मी नकळत मान डोलावते का, की मलाच हल्ली चारशिवाय काही ऐकू येत नाही? हॉस्टेलवर जाऊन मी आरशासमोर उभी राहून स्वतःलाच तो प्रश्न विचारून पाहिला. इतकं माझं डोकं फिरलं होतं.

त्या वॉर्डात दोन बायका शेजारी शेजारी होत्या, त्यांच्याबद्दल सांगायला हवं. एक द्वारकाबाई. साठी उलटलेली, तिच्या गावची सुईण. चोवीस दिवस ती खिळ्यावर होती, कारण तिची साखर उतरत नव्हती आणि भूलवाले डॉक्टर तिला हात लावायला तयार नव्हते. वॉर्डाचा कारभार पडल्या पडल्या तीच बघायची. कुणाला पांघरूण हवं, कुणाचा चहा आला नाही, कुणाचा नवरा दोन दिवस फिरकला नाही, सगळं तिला माहीत. नवी बाई रडत आली की द्वारकाबाई पलंगावरूनच तिच्याशी बोलत राहायची, आणि पोरगी शांत व्हायची. मला तिचा फार आधार वाटायचा.

दुसरी शेवंता येडगे. डोंगरावरच्या वस्तीतली, पंचविशीची, गवताच्या गंजीवरून पडलेली. पाकिटात तिच्या वाट्याला पट्टी आली होती. तिची आठ महिन्यांची मुलगी घरी सासूजवळ होती, अंगावर पिणारी. पहिले तीन दिवस शेवंताचं पोलकं दुधानं भिजायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तिनं मला एकदाच विचारलं होतं, माजा नंबर कवा लागंल. मी म्हटलं, लागेल लवकर. सगळ्यांनाच तसं म्हणायची सवय झाली होती.

शनिवारी संध्याकाळी शेवंता पदराचं टोक दातात धरून पडली होती. कपाळावर घाम होता. मी विचारलं तेव्हा तिनं पदर सोडला, शेजारच्या पलंगाकडे पाहिलं, आणि चार म्हणाली. नक्की चार? नक्की. बोटं हलतात ना? तिनं पावलाची बोटं मुडपून दाखवली. मी कागदावर खूण केली. तिचं ते शेजारी बघणं मला दिसलं होतं, पण म्हटलं, पोरगी बिचारी, म्हातारीच्या जिवावर धीर धरून आहे.

रविवारी तिचं बँडेज घसरून चुण्या पडलेलं दिसलं, म्हणून सिस्टरना घेऊन मी ते सगळं सोडायला बसले. पट्टी निघाली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बँडेजची कड रुतली होती आणि तिथे काळपट लाल वळ उमटला होता.

“बोटं हलव.”

तिनं मुडपली, रोजच्यासारखी.

“आता वर उचल. तुझ्या तोंडाकडे ओढ पाऊल.”

ती बघत राहिली. पाऊल तसंच खाली लोंबत होतं. तिनं मांडीपासून जोर लावला, तिच्या तोंडातून आवाज निघाला, पण पाऊल काही हललं नाही. मी पावलाच्या वरच्या अंगाला बोट टेकवलं आणि विचारलं, कळतं का? ती म्हणाली, तुमी हात लावलाय व्हय?

तिथून, अगदी कातडीखालून, एक नस जाते. बँडेज तिच्यावर दाबलं गेलं की पाऊल वर उचलणं जातं. बोटं खाली मुडपणारी नस वेगळी, ती शाबूत राहते. हे मला पुस्तकाच्या पानासकट पाठ होतं. पण गेले सहा दिवस पाच वाजता मला घाई असायची ती आकड्याची. बोटं मुडपलेली दिसली की मी खूण करून पुढे जात होते.

“कधीपासून?”

“गुरवारपासनं मुंग्या व्हत्या. मंग आग आग झाली. लई झाली, बाई, काय सांगू. आता न्हाई काय.”

“मग तू मला चार का सांगितलंस? तेव्हा चार होतं का?”

तिनं परत शेजारी पाहिलं. मीही पाहिलं. द्वारकाबाई छताकडे बघत पडली होती.

“म्या सांगितलं हुतं तिला,” ती म्हणाली. “सगळ्यास्नी म्याच सांगितलं.”

मी तिच्या पलंगावर टेकले. माझ्या हातात अजून शेवंताचं बँडेज होतं. का, एवढंच मी विचारलं. ती न लाजता, न घाबरता सांगू लागली. एखाद्या नव्या बाईला वॉर्डाची रीत सांगावी तसंच तिनं ते मला सांगितलं.

“जनाबाई सात म्हनली, तर तिचं पुढं ढकललं. म्हंजे लई दुकतंय, अंगात सोसायचं बळ न्हाई. मालन दोन म्हनली, तर तुमीच म्हनला, हिचं बरं हाय, ही थांबंल. थांबलीच की मंग धा दिस. आन् शिताबाई चार म्हनली. तवा तुमी हासला. म्हनला, वा, छान. दुसऱ्या दिशी सकाळी तिला वर न्हेलं. म्या माज्या डोळ्यानं बगितलं. मंग म्या सगळ्यास्नी सांगितलं, चार म्हनायचं. जास्त न्हाई, कमी न्हाई.”

जनाबाईला ताप होता. मालनच्या हाडात बसवायचा रॉड आलेला नव्हता; ही थांबेल, हे मी त्यावरूनच म्हटलं असणार. सीताबाईचं रक्त त्याच दिवशी मिळालं होतं. ऑपरेशनची यादी अशा गोष्टींवर ठरते. दुखण्याच्या आकड्याचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण हे आम्ही त्यांना कधी सांगितलं होतं? रोज एक डॉक्टरीण येते, एकच प्रश्न विचारते, उत्तर कागदावर लिहून घेते, आणि मग कुणी वर जातं, कुणी जात नाही. त्यांनी जोडायचं ते जोडलं. आणि मी हसले होते म्हणे. मला ते हसणं आजही आठवत नाही. सीताबाई पट्टीवाली होती. पट्टीवालीनं कमी आकडा सांगितला, म्हणजे सोपी तऱ्हाच बरी निघेल, म्हणून हसले असेन, किंवा त्या दिवशी नुसती बऱ्या मनानं आले असेन.

“पण द्वारकाबाई, तुम्हीही रोज चारच सांगता. तुमचं कुठे झालं?”

“माजी साखर आडवी येती ना,” ती म्हणाली. “त्येला चार तरी काय करंल.”

शेवंताच्या पायाचं काय झालं ते इथेच सांगते, कारण ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवणं मला आवडत नाही. पाच महिन्यांनी पाऊल वर येऊ लागलं, पण अंगठा काही पूर्ण वर आला नाही. चढावर चालताना ठेचा लागतात, असं तिनं पुढे कळवलं. ती डोंगरावर राहते. तिथे सगळा चढच आहे.

सोमवारी सकाळी मी सरांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं, शेवंताच्या पायासकट. मग त्यांनी विचारलं की या सगळ्यातून कळलं काय, पट्टीत कमी दुखतं की खिळ्यात?

“माहीत नाही, सर. ज्या सात जणी खरं बोलल्या त्यांच्यावरून काही ठरत नाही. बाकीच्यांना काय होत होतं ते मला कळलंच नाही.”

“म्हणजे तू खोटं लिहिलेलं नाहीस,” ते म्हणाले, “आणि खरंही काही लिहिलेलं नाहीस. आता मी सही कशावर करू?”

त्यांनी तक्ता घडी घालून मला परत दिला. दुखण्याचा रकाना काढून टाक म्हणाले. कातडीला फोड किती आले, एक्सरेत पाय किती आखूड राहिला, ऑपरेशनच्या वेळी हाड बसवायला किती वेळ लागला, जे कुणाला विचारावं लागत नाही तेवढंच मोज. आणि उद्याच्या यादीत पहिलं नाव त्या पोरीचं टाक, तो पाय आता फार काळ लोंबकळत ठेवायचा नाही. मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले आणि सगळ्या बायकांना मोठ्यानं समजावून सांगितलं. ऑपरेशनचा नंबर दुखण्याच्या आकड्यावर लागत नाही. ताप, रक्त, साखर, लागणारं सामान, यावर लागतो. आकडा फक्त आम्हाला कळावं म्हणून असतो. जे असेल ते खरं सांगा. मी दोनदा सांगितलं, सिस्टरनी तिसऱ्यांदा सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. द्वारकाबाई म्हणाली, कळलं. माझ्या छातीवरचं ओझं जरा हलकं झालं.

मंगळवारी शेवंताला सगळ्यांत आधी वर नेलं. आठवड्यापूर्वी आलेली पोर, पंधरा-पंधरा दिवसांच्या बायकांना मागे टाकून गेली. ट्रॉली दाराबाहेर जाईपर्यंत सगळा वॉर्ड बघत होता.

बुधवारी पाच वाजता मी गेले, तर तीन बायकांची पावलं वर येत नव्हती.

मी एकीचं तपासलं, दुसरीचं तपासलं. त्यांतली एक खिळेवाली होती, तिच्या पोटरीला बँडेजचा धागाही नव्हता. तळव्याला पेनचं टोक लावताच तिनं पाऊल झटकन वर घेतलं आणि लगेच परत खाली सोडून माझ्याकडे आशेनं पाहू लागली. मला तिचा राग आला नाही. मी तशीच तिचा पाय हातात धरून बसले. मग द्वारकाबाईकडे वळून पाहिलं.

“म्या न्हाई काय सांगितलं ह्या खेपेला,” ती म्हणाली. “त्येंचं त्येंनीच वळखलं.”

त्या दिवसापासून मी प्रत्येकीच्या पायाला स्वतः हात लावून तपासू लागले. प्रश्न विचारणं बंद केलं. प्रबंध पुढे झाला, सरांनी सही केली, परीक्षाही पास झाले. त्यात फोड आहेत, एक्सरे आहेत, वेळा आहेत, दुखणं कुठेही नाही.

फक्त एकदा मी तो प्रश्न पुन्हा विचारला. ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते. शेवंता ऑपरेशननंतरच्या खोलीत होती, शेजारी द्वारकाबाई नव्हती, कुणीच नव्हतं. टाके कोरडे होते. पावलाला खालून आधाराची पट्टी बांधून ती वॉकर धरून दारापर्यंत चालून आली होती आणि पलंगावर बसून धापा टाकत होती. मुलीनं एवढ्यात बाटलीची सवय लावून घेतली, असं सासूनं सांगून धाडलं होतं. ते सांगताना ती रडली नाही, पदर मात्र सारखा नीट करत राहिली.

मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. मला एकदा तरी एका बाईच्या तोंडून खरा आकडा ऐकायचा होता. कुठल्या तक्त्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी तिला म्हटलं, शेवंता, तुझं ऑपरेशन झालं. आता यादी नाही, नंबर नाही, तू काहीही म्हणालीस तरी कुणाचं काही बिघडत नाही. नीट आठवून, मनापासून सांग. दहापैकी किती दुखतंय?

तिनं खरोखर विचार केला. मांडीवरून हात फिरवला, पावलाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. आणि मग तिनं पुढे वाकून, हळू आवाजात, अगदी सरळ मनानं मला विचारलं, “बाई, घरी सोडायचा आकडा कंचा हाय?”

मला पुष्कळ काही बोलता आलं असतं. सगळं पहिल्यापासून समजावताही आलं असतं.

“दोन,” मी म्हटलं.

“मंग दोनच हाय,” शेवंता म्हणाली.

मी तिच्या कागदावर दोन लिहिलं आणि खाली तिला घरी सोडण्याची सही केली.